पत्ता : चिटणीस की गोठ, लष्कर

आमच्या ताईच्या लग्नाची पत्रिका पुण्याला मामांकडे गेली, तेव्हाची ही गोष्ट. पत्रिकेवर बाबांनी नेहमीप्रमाणे पत्ता छापला होता : 'चिटणीस की गोठ, लष्कर, ग्वाल्हेर'. मामा पहाटेच्या गाडीने उतरले. पुण्यात लष्कर म्हणजे कँप, इंग्रजी फौजेसाठी वसलेला भाग, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. परमुलखातल्या टांगेवाल्याला मराठी शब्द कसा कळणार, म्हणून त्यांनी तो आपल्या परीने सोपा करून 'मिलिटरी एरिया चलो' असे सांगितले. टांगेवाल्याने इमानेइतबारे त्यांना मुरारला नेले आणि फौजेच्या फाटकापुढे उभे केले. तिथल्या पहारेकऱ्याला चिटणीस माहीत नव्हते. तास-दीड तास हिंडून मामा घरी पोचले तेव्हा नाश्त्याची पंगत उठत आली होती. पिशवी खाली ठेवत ते बाबांना म्हणाले, ''भाऊजी, लष्करात राहता ते ठीक. पण गोठ्यात राहता हे पत्रिकेत छापायची काय गरज होती?''

मांडवात हशा पिकला. मामांनी नुसता 'लष्कर' हा शब्द जसाच्या तसा उच्चारला असता, तर त्याच टांगेवाल्याने त्यांना थेट आमच्या दारात आणून सोडले असते. बाहेरच्या मराठी माणसाला जे नाव कळले नाही, ते इथल्या हिंदी बोलणाऱ्या टांगेवाल्याला पाठ होते. आम्ही तेव्हा शाळकरी होतो आणि हसणाऱ्यांत होतो. पुढे मात्र मामांचे दोन्ही गैरसमज डोक्यात राहिले. आपल्या गावाला लष्कर का म्हणतात आणि आपल्या गल्लीला गोठ का म्हणतात, हे आम्हाला तरी कुठे माहीत होते?

आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. स्थापत्याची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. पण रस्ते, नाल्या आणि पुलांच्या कामात जुने नकाशे हाताळावे लागतात, आणि जुन्या नकाशांत नावे असतात. त्या नादाने जे वाचले, विचारले आणि पायी हिंडून पाहिले, ते आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

बाहेरचा माणूस ज्याला ग्वाल्हेर म्हणतो, ती खरे तर तीन गावे आहेत. किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी जुने ग्वाल्हेर. महंमद घौस आणि तानसेन यांच्या कबरी तिथे, हजीऱ्याच्या बाजूला आहेत. पूर्वेला मुरार, म्हणजे छावणी. आणि किल्ल्याच्या दक्षिणेला लष्कर. जुन्या ग्वाल्हेरच्या मानाने हे बरेच अलीकडे वसलेले, पण राजवाडा, कचेऱ्या, सराफा, शाळा सगळे इथे आले आणि थोरला भाऊ बाजूला पडला. आजही हिंदी वर्तमानपत्रे जुन्या गावाचा उल्लेख 'उपनगर ग्वालियर' असा करतात. ज्या गावावरून शहराला, किल्ल्याला आणि गाण्याच्या घराण्याला नाव मिळाले, तेच गाव स्वतःच्या शहराचे उपनगर झाले आहे! आमच्या लहानपणी घरात कोणी 'आज ग्वाल्हेरला जायचे आहे' असे म्हटले, की त्याचा अर्थ किल्ल्यापलीकडे जायचे असा होई. परगावचे पाहुणे बुचकळ्यात पडत. ग्वाल्हेरला तर आलो, आता आणखी कुठले ग्वाल्हेर?

हे नवे गाव वसले कसे, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. शिंद्यांची राजधानी पूर्वी उज्जनीस होती. ग्वाल्हेरचा किल्ला महादजींनी 1783 मध्ये गोहदच्या राण्याकडून घेतला होता, पण राजधानी म्हणून नव्हे. महादजींचे सारे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. त्यांचा दरबार जिथे डेरे पडत तिथे भरे. त्यांच्यामागून दौलतराव आले. 1803 मध्ये असई आणि लासवारी येथे इंग्रजांकडून पराभव झाला, सुर्जी-अंजनगावचा तह झाला, दिल्ली आणि दुआब हातचे गेले. किल्लाही इंग्रजांकडे गेला होता, तो 1805 च्या तहाने परत मिळाला. त्यानंतरही काही वर्षे दौलतरावांचा फिरता तळ राजपुतान्यात चालूच होता. अखेर 1810 मध्ये हा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला येऊन पडला, आणि पुन्हा उठला नाही.

नगर वसवायचे म्हणून कोणी मुहूर्त काढला नव्हता. लष्कर उतरले होते, म्हणून लोक 'लष्कर' म्हणू लागले. फारसीतला हा शब्द फौज आणि फौजेचा तळ या दोन्ही अर्थांनी चालतो. आपल्या मराठीत त्यातला फौजेचा अर्थ उरला, ग्वाल्हेरात तळाचा. (उर्दू या भाषेच्या नावाचाही मूळ अर्थ तळ असाच आहे. तळावरच्या बाजारांतून काय काय जन्माला आले म्हणायचे!) बाकीच्या राजधान्यांना कोणा राजाचे, देवाचे किंवा नदीचे नाव असते. आमच्या राजधानीचे नाव म्हणजे एक अर्धवट राहिलेले वाक्य आहे : 'लष्कर उतरले आहे'. पुढे ते कुठे जाणार होते, हे कोणी सांगितलेच नाही.

त्या फिरत्या तळाची हकीकत सुदैवाने एका माणसाने लिहून ठेवली आहे. टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी रेसिडेंटाबरोबरच्या पलटणीत होता. 1809 सालचे त्याचे दिवस शिंद्यांच्या तळाबरोबर गेले. त्याने लिहिलेली पत्रे पुढे 1813 मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. गृहस्थाचा सूर पुष्कळदा तिरकस आहे. आपल्या लोकांविषयी बरे बोलणे त्याच्या जिवावर येते. पण पाहिलेले त्याने तपशिलाने लिहिले. तळ हलला की बिनीवाला पुढे जाई आणि मुक्कामाच्या जागी पांढरे निशाण रोवी. तिथे महाराजांची देवडी लागे. मग एकेका बाजाराची निशाणे येत आणि ठरलेल्या जागीच उभी राहत. महाराजांच्या डेऱ्यापासून कोण कुठे, हे मुक्काम बदलला तरी बदलत नसे. म्हणजे आज या मैदानात, उद्या त्या नदीकाठी, पण सराफ तिथेच, वाणी तिथेच, सरदार तिथेच. गाव दररोज नवे आणि पत्ता मात्र कायम.

हे वाचले त्या दिवशी आम्हाला आपल्या शहराचा नकाशा प्रथमच उलगडल्यासारखा झाला. नोकरीत आम्हाला शिकवले होते की आधी रस्ता आखतात, मग घरे येतात. लष्करचे रस्ते मात्र कोणत्याच आखणीत बसत नाहीत असे आम्ही नेहमी कुरकुरत आलो. मध्यभागी महाराज बाडा, त्याला लागून गोरखीचा जुना राजवाडा, एका अंगाला सराफा, आणि भोवती एकामागून एक बाजार. आमच्या मते ही तळाचीच मांडणी असावी. निशाणे गेली, त्यांच्या जागी कनातींची दुकाने आली, मग कुडाची, मग दगडाची. दगड आला तेव्हाही जागा तीच राहिली.

आता गोठीकडे वळू. लष्करात चिटणीस की गोठ आहे, निंबाळकर की गोठ आहे, पान पत्ते की गोठ आहे. हिंदीभाषक 'गोठ' म्हणतो तेव्हा त्याला त्यात काही अर्थ दिसत नाही. नाव आहे, एवढेच. मराठी पाहुण्याला मात्र आमच्या मामांप्रमाणे गाईगुरे दिसू लागतात. खरा शब्द 'गोट' आहे. गोट म्हणजे सैन्याच्या तळातला एकेका सरदाराचा किंवा मानकऱ्याचा वेगळा मुक्काम. हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे, आपण तो रोज वापरतो. 'शत्रूच्या गोटात शिरणे' म्हणतो. मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे 'आतल्या गोटातून समजते' असे लिहितात. तोच हा गोट. चिटणिसांचे डेरे जिथे पडले तो चिटणिसांचा गोट, निंबाळकरांचे जिथे पडले तो निंबाळकरांचा. इथल्या बोलीत टचा ठ झाला, पुल्लिंगाचे स्त्रीलिंग झाले, आणि दोनशे वर्षांनी पुण्याच्या पाहुण्याने त्यात म्हशी बांधल्या.

गंमत अशी की हिंदीनेही आमच्यावर तोच प्रसंग आणला आहे. मराठीतला वाडा इथे 'बाडा' झाला. हिंदीत बाडा म्हणजे गुरे कोंडण्याचे कुंपण. म्हणजे मराठी माणसाला गोठ ऐकून गोठा आठवतो आणि हिंदी माणसाला बाडा ऐकून कोंडवाडा. मधे आम्ही लष्करवासी, दोन्ही बाजूंनी गुरांत जमा! बाड्याचे नाव पुढे जिवाजी चौक असे ठेवले गेले. ते पाटीवर आणि पत्रव्यवहारात आहे. पण बाड्यावर भेळ खायला जाणारा कोणीही 'जिवाजी चौकात जातो' असे म्हणताना आम्ही ऐकलेला नाही.

कंपूचेही असेच. आजच्या मराठीत कंपू म्हणजे चार डोकी एकत्र येऊन केलेली टोळी. कंपू करणे हे काही चांगले लक्षण समजले जात नाही. आमच्या लष्करात कंपू हा चांगला नांदता भाग आहे. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कांपो'वरून आला. महादजींनी 1784 पासून डी बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून पायदळाच्या कवायती पलटणी उभ्या करविल्या, त्यांना कंपू म्हणत. अशा कवायती फौजेची जागा ती कंपू. त्याच बाजूच्या टेकडीवर मांढरे की माता आहे. नवरात्रात तिथे चढण चढणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोकांना मांढरे हे मराठी आडनाव आहे हेही ठाऊक नसते. देवीला त्याने फरक पडत नाही.

खासगी बाजार घ्या. खासगी म्हणजे राजघराण्याच्या घरगुती खर्चाचा आणि मालमत्तेचा कारभार. आजच्या हिंदीत हा शब्द नाही, त्यामुळे नव्या पाट्यांवर त्याचे कधी 'खासकी' होते, कधी आणखी काही. फालके सरदारांचा फालका बाजार. छत्री बाजारात छत्र्या विकत नाहीत. छत्री म्हणजे शिंदे राजांच्या समाध्यांवरच्या इमारती. दानाओलीतली ओली ही कोल्हापूरच्या लुगडी ओळीची बहीण दिसते : दाण्याची, धान्याची ओळ. शिंदे की छावणी आहे. छावणीचा मूळ अर्थही तपासण्यासारखा आहे. पावसाळ्याचे चार महिने मोहीम थांबे, तेव्हा फौज एका जागी छपरे शाकारून राही. छावणे म्हणजे शाकारणे, त्यावरून छावणी. तंबूचा गोट, गवती छपराची छावणी, मग दगडी वाडा. थांबण्याच्या या तिन्ही पायऱ्या एकाच गावाच्या गल्ल्यांतून अजून उच्चारल्या जातात.

दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, जिवाजीगंज ही नावे निराळ्या जातीची. ती राजांच्या नावाने आहेत, कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेली. त्यांच्याविषयी आम्हाला आकस नाही, पण त्यांत सांगण्यासारखेही फारसे नाही. राजांची क्रमवारी पाठ करायला उपयोगी पडतात.

लष्कर हे नाव जितके घरगुती, तितकेच ते बाहेर कधी पोचले नाही. ख्यालगायकीचे घराणे ग्वाल्हेरचे म्हणून ओळखले जाते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ज्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, त्या साऱ्या कथेत नाव येते ते ग्वाल्हेरचे. राजकवी भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे. पण त्या काळचा दरबार, गवई, शास्त्री, कारकून यांची वस्ती होती ती लष्करात. तानसेन समारोहाची सुरुवात आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने होते. तानसेनाच्या कबरीपाशी मराठी परंपरेतले हरिकथाकार उभे राहतात आणि त्याच जागी मिलादही होतो. हे बुवा येतात लष्करातल्या आपल्या मठातून, आणि स्वर्णरेखेवरच्या पुलाला लोक ढोलीबुवा का पूल म्हणतात. आमच्या खात्याच्या कागदांत त्या पुलाला क्रमांक असेल. कामावरचा मिस्त्री मात्र क्रमांकाने कधी विचारत नाही.

आपलीच तेवढी नावे बाहेरच्यांना कळत नाहीत असे मात्र समजू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमची नेमणूक अंबाहला झाली. तिथल्या एका वृद्ध सरपंचांनी विचारले, ''तंवरघार में पहली बार आए हो?'' आम्ही नकाशा काढला. नकाशात मुरैना जिल्हा होता, अंबाह तहसील होती, तंवरघार कुठे नव्हते. घार म्हणताच आम्हाला आकाशातली घार आठवली, हे आता सांगायला हरकत नाही. तंवरघार म्हणजे तोमरांचा मुलूख. पुढे भिंडकडे बदली झाली तेव्हा कळले की अटेरच्या बाजूला भदावर, लहारकडे कछवाहघार, जौऱ्याकडे सिकरवारी, आणि सबलगढच्या अंगाला जादौनवाटी. एकेका राजपूत कुळाच्या नावाने सारा प्रदेश वाटलेला आहे. सोयरीक जुळवताना, भांडणे मिटवताना, निवडणुकीचा अंदाज बांधताना लोक हीच नावे वापरतात. भदावरचे नाव तर म्हशीने दूरवर नेले. दाट, लोणकट दुधासाठी प्रसिद्ध असलेली भदावरी म्हैस पशुपालनाच्या पुस्तकांत आहे. भदावर मात्र भूगोलाच्या पुस्तकात नाही.

किल्ल्यावरचे मानमंदिर बांधणारे मानसिंह तोमर 1516 मध्ये वारले आणि थोड्याच वर्षांत किल्ला लोदींकडे गेला. तोमरांचे राज्य बुडाल्याला पाचशे वर्षे झाली, तरी तंवरघार आहे. ग्वाल्हेर संस्थानाने तर या नावाचा जिल्हाच केला होता, आणि लष्करच्या भोवतालच्या जिल्ह्याला 'गिर्द ग्वाल्हेर' म्हटले होते. गिर्द म्हणजे भोवतालचा मुलूख. 'गिर्दनवाई' हा शब्द जुन्या मराठी कागदांत वाचलेल्यांना तो परका वाटणार नाही. तंवरघारची माणसे आपल्या नावाविषयी कोणाला विचारत नाहीत आणि कोणाकडे मागतही नाहीत. ती ते बोलतात, एवढेच.

लष्करचे काय झाले ते पाहा. विधानसभेचे मतदारसंघ पूर्वी लश्कर पूर्व, लश्कर पश्चिम, मुरार, गिर्द या नावांचे होते. 2008 च्या पुनर्रचनेत ही सारी नावे एका फटक्यात गेली. त्यांच्या जागी आले ग्वालियर पूर्व, ग्वालियर दक्षिण, ग्वालियर ग्रामीण. दिशा कळतात, जागा कळत नाही. त्या वर्षी मतदार यादीच्या कामावर आमचीही नेमणूक होती. यादीच्या माथ्यावरचे नाव बदललेले आम्ही पाहिले, सही केली आणि पुढे सरकलो. कोणी हरकत घेतल्याचे स्मरत नाही. हरकत घेणाऱ्यांत आम्ही असायला हवे होते, हे बऱ्याच उशिरा सुचले.

त्यातच 'लश्कर' हा शब्द आता बातम्यांत वेगळ्याच सोबतीने येतो. आमचा पुतण्या बंगळुरूला नोकरीला आहे. कार्यालयात कोणीतरी त्याच्या जुन्या प्रमाणपत्रावरचा 'लश्कर' हा पत्ता वाचून थट्टा केली. तेव्हापासून तो नुसते ग्वालियर लिहितो. आम्ही त्याला दोष देत नाही. बाविसाव्या वर्षी दौलतरावांचा तळ आणि ब्रॉटनची पत्रे सांगत बसण्याइतका धीर आम्हालाही नव्हता.

आपल्या मंडळाची सभासदांची वही एकदा चाळून पाहावी. जुन्या पानांवर ओळीने लष्कर, लष्कर, लष्कर. नव्या पानांवर नगरे, विहार आणि एन्क्लेव्ह. वाड्यांत वाटण्या झाल्या, जिने मोडले, मुले पुण्याला, हैदराबादला आणि पुढे परदेशी गेली. गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून उरलेले कॉलनीत गेले. आम्हीही गेलो.

गोठीतले घर आम्ही विकले त्याला सहा वर्षे झाली. पाच जणांचे हिस्से, मागची भिंत पोटाला आलेली, आणि दुरुस्तीला किती लागेल हे इतरांपेक्षा आम्हालाच जास्त कळत होते. पणजोबांच्या वेळचा जुना कागद घरात होता. त्यात चतुःसीमा लिहिलेली : पूर्वेस कोणाचा वाडा, पश्चिमेस कोणाची विहीर, उत्तरेस रस्ता, आणि वर ठळक अक्षरांत 'चिटणीस की गोठ, लष्कर'. नव्या रजिस्ट्रीत वॉर्ड क्रमांक, घर क्रमांक, क्षेत्रफळ आणि 'ग्वालियर'. गोठ नाही, लष्कर नाही. टंकलेखकाला सांगून एक ओळ वाढवून घेणे अवघड नव्हते. सरकारी कागद कसा दुरुस्त करवून घ्यायचा हे आमच्याइतके कोणाला माहीत असणार? पण त्या दिवशी सगळ्या भावंडांना परतीच्या गाड्या गाठायच्या होत्या. आम्ही वाचून पाहिले, आकडे जुळवले आणि सही केली.

बाबा असते तर त्यांनी ती ओळ घातल्याशिवाय लेखणी उचलली नसती. ते अखेरपर्यंत पत्रावर आधी लष्कर आणि मग कंसात ग्वाल्हेर असे लिहीत. आई आता आमच्याबरोबर मुरारच्या वाटेवरच्या कॉलनीत असते. तिच्या दृष्टीने आपण गावाबाहेर राहतो. भाजी घ्यायची असो की देवळात जायचे असो, ''लष्करात जाऊन येते रे'' असे सांगून ती निघते.

गेल्या वर्षी गणपतीच्या मूर्तीची नोंद करायला तिला घेऊन बाड्याकडे निघालो होतो. टेंपोवाला पोरगा दाराला लटकून 'बाडा, बाडा, कंपू' असे ओरडत होता. आई त्याला म्हणाली, ''भैया, पहले गोठ की तरफ से ले लो.'' वाट वाकडी होती, तरी त्याने टेंपो वळवला. कोणती गोठ, एवढे मात्र त्याने विचारले.

आमच्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत उभी आहे. ज्यांनी घेतली ते इथलेच व्यापारी, मराठीचा गंध नाही. खाली दुकान, वर राहायला. दुकानावर मोठी नवी पाटी आहे. आईने चष्मा पुसला आणि टेंपोतूनच ती मोठ्याने वाचली. आधी त्यांचे नाव, खाली धान्य व किराणा, आणि त्याखाली लाल अक्षरांत पूर्ण पत्ता : चिटनिस की गोठ, लश्कर.